बॉल पायथनचे पिल्लू हातावर झेपावते, पण उंदीर समोर धरला की डोके लपवते

सायंछाया (मूळ लेखन)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे बॉल पायथनचे (आफ्रिकेतील अजगराची एक लहान, बिनविषारी जात) साधारण चार महिन्यांचे पिल्लू आहे. ते रानातून पकडून आणलेले नाही, बंदिवासातच अंड्यातून निघालेले आहे. घरी येऊन त्याला नऊ आठवडे झाले. पहिल्या चार आठवड्यांत त्याने तीन वेळा व्यवस्थित खाल्ले. गोठवलेला उंदीर कोमट करून चिमट्याने धरला, की ते झडप घालत असे आणि विळखा घालून पाच-सात मिनिटांत गिळून मोकळे होत असे. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत मात्र त्याने एकदाच खाल्ले आहे, आणि तेही माझ्यासमोर नाही. कंटाळून रात्री उंदीर आतच ठेवून दिला होता, तो सकाळी नाहीसा झालेला दिसला.

न खाण्याइतकीच मला दुसऱ्या गोष्टीची चिंता वाटते. पाणी बदलण्यासाठी झाकण काढून हात आत घातला, की पिल्लू मानेला नागमोडी बाक देऊन मागे सरकते, बारीक फूत्कार करते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हातावर येते. आतापर्यंत चार वेळा चावले आहे. दरवेळी दात लागतात, टाचणी टोचल्यासारखे रक्ताचे ठिपके उमटतात, आणि ते लगेच सोडून देते. त्याच पिल्लासमोर उंदीर धरला, तर ते डोके वेटोळ्यात खुपसून चेंडू होऊन बसते. एकदा तर त्याने उंदीर सोडून चिमट्यालाच चावा घेतला. रात्री दिवे मालवल्यावर ते काचेला नाक घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहते, म्हणजे भूक तर असावी असे वाटते.

घरातील सर्वांचे मत आहे, की हे पिल्लू स्वभावानेच रागीट निघाले. मला ते मान्य करावेसे वाटत नाही, पण माझ्याजवळ दुसरे उत्तरही नाही. भूक असताना अन्न नाकारणे आणि अन्न नसलेल्या हाताला चावणे, या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा?

कातळफूल

पिल्लाविषयी मत देण्यापूर्वी काही गोष्टी विचारते, कारण त्यांच्यावाचून दिलेला सल्ला अंधारात मारलेल्या दगडासारखा होईल. तापमान किती आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कोठे मोजले आहे? लपायच्या जागा किती आहेत आणि त्या किती मोठ्या आहेत? पिल्लाचे वजन केले आहे का? उंदीर कसा गरम करता आणि दिवसाच्या कोणत्या वेळी देता? शेवटचे म्हणजे, चार आठवडे खाणारे पिल्लू पाचव्या आठवड्यात थांबले, तर त्याच सुमारास घरात किंवा टाकीत काय बदलले होते?

सायंछाया

काचेवर चिकटवलेला तापमापक ३१ अंश दाखवतो. तिसरे खाणे पचल्यानंतर वजन ११२ ग्रॅम होते, आज १०४ आहे. उंदीर १० ते १२ ग्रॅमचा असतो. तो गरम पाण्यात सोडून वितळवते आणि साधारण दुपारी देते. लपण्यासाठी अर्ध्या नारळासारखी घुमटाकार, पण मोठी अशी एक गुहा आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मी थबकले. सुरुवातीला पिल्लू एका लहान, अपारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात होते. पाचव्या आठवड्याच्या आरंभी मी त्याला ९० सेंटीमीटर लांबीच्या प्रशस्त काचेच्या टाकीत हलवले. त्याला मोकळे वाटावे एवढाच त्यामागे हेतू होता.

पानवठा

माझ्याकडे दहा महिन्यांचा कॉर्न स्नेक (अमेरिकेतला एक बिनविषारी साप) आहे आणि त्याचे प्रकरण नेमके उलटे आहे. तो कधीच नाही म्हणत नाही. झाकण किलकिले झाले, की तो बाणासारखा बाहेर येतो. मागच्या महिन्यात उंदीर हाताळून हात न धुता मी त्याला उचलायला गेलो, तर त्याने अंगठा धरला आणि सोडण्याऐवजी त्याभोवती दोन वेढेही घातले. थंड पाण्याच्या धारेखाली हात धरला तेव्हा कुठे त्याने पकड सैल केली. मी हात हिसकला नाही, कारण सापाचे दात मागे वळलेले असतात आणि हिसक्याने आपली कातडी फाटते, त्याचे दातही तुटतात.

तेव्हापासून मी त्याला खाण्यासाठी वेगळ्या डब्यात ठेवतो, म्हणजे टाकीतला हात आणि अन्न यांची त्याच्या डोक्यात सांगड बसत नाही. तुम्हीही तसे करून पाहावे असे सुचवतो.

कातळफूल

सायंछाया, तुमच्या दुसऱ्या प्रतिसादातच बरेचसे उत्तर आले आहे. जरा सविस्तर लिहिते.

आधी चाव्याविषयी. पानवठा यांच्या कॉर्न स्नेकने अंगठा धरला तो भुकेचा चावा होता. साप पकडतो, सोडत नाही आणि विळखा घालतो, कारण त्याच्या लेखी ते भक्ष्य असते. तुमचे पिल्लू चावून तत्क्षणी सोडते, तो भीतीचा चावा आहे. त्याला तुम्हाला खायचे नाही, तुम्ही दूर जावे एवढेच त्याला हवे आहे. मानेचा नागमोडी बाक दोन्ही वेळी दिसतो, म्हणून नवख्या माणसाची गफलत होते. फरक उरलेल्या शरीरात दिसतो. भुकेला साप अंग सैल सोडून, जीभ संथपणे आत-बाहेर करीत हळूहळू पुढे येतो. घाबरलेला साप मागे सरकतो, वेटोळे घट्ट करतो, फूत्कारतो आणि श्वास इतका जोरात घेतो, की त्याच्या कुशी हलताना दिसतात. तुम्ही केलेले वर्णन दुसऱ्या प्रकाराचे आहे. चिमट्याला घेतलेला चावाही मला त्यातलाच वाटतो.

मग प्रश्न असा उरतो, की ते इतके घाबरलेले का आहे. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील गवताळ प्रदेशांचा साप आहे, आणि दिवसाचा वेळ तो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत काढतो. अंगाला चारही बाजूंनी भिंत टेकली, की त्याला सुरक्षित वाटते. शंभर ग्रॅमच्या पिल्लाला तर निसर्गात पक्षी, मुंगूस आणि मोठे साप या सगळ्यांचे भय असते, आणि वरून येणारी सावली म्हणजे त्याच्या दृष्टीने मृत्यूच. अशा जिवाला आपण चारही बाजूंनी पारदर्शक असलेल्या मोठ्या पेटीत ठेवतो आणि वरून हात घालतो. आपल्याला जो प्रशस्तपणा वाटतो, तो त्याला उघड्या माळासारखा वाटतो. टाकी मोठी असणे वाईट नाही, ती रिकामी असणे वाईट आहे. तीच टाकी पालापाचोळा, सालींचे तुकडे, कृत्रिम वेली आणि दोन-तीन घट्ट बिळांनी भरली, तर पिल्लू तिच्यात आनंदाने राहील. तुमची गुहा मोठी आहे हेदेखील मला खटकते. गुहेत शिरल्यावर पिल्लाच्या वेटोळ्याला तिन्ही बाजू टेकायला हव्यात. उबदार टोकाला एक आणि थंड टोकाला एक अशा दोन सारख्या गुहा ठेवाव्यात, नाहीतर ऊब आणि आसरा यांतले एक निवडण्याची पाळी त्याच्यावर येते, आणि घाबरलेले पिल्लू बहुतेक वेळा आसरा निवडून थंडीत बसून राहते.

आता तापमान. काचेवरचा तापमापक काचेजवळच्या हवेचे तापमान सांगतो, साप मात्र जमिनीवर राहतो. लांब तारेच्या टोकाला संवेदक असलेला तापमापक आणा, ते टोक उबदार गुहेच्या आत, पिल्लाचे पोट जेथे टेकते तेथे ठेवा आणि मग आकडा पाहा. तेथे ३१ ते ३२ अंश आणि थंड टोकाला २५ ते २६ अंश हवे. हीट मॅट (टाकीखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई) असेल तर तिला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरावीक मर्यादेत राखणारे उपकरण, असलाच पाहिजे, कारण त्याच्याशिवाय ती पोट भाजण्याइतकी तापू शकते. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

मी तापमानावर एवढा भर देते, कारण माझ्या मते तुमचे दोन प्रश्न येथेच एक होतात. सापाच्या शरीरात स्वतःची पुरेशी ऊब तयार होत नाही. बर्मी अजगरांवर झालेल्या अभ्यासांत असे दिसले, की मोठे भक्ष्य गिळल्यानंतर त्यांचा चयापचय कित्येक पटींनी वाढतो, आतड्याचे वजन वाढते आणि हृदयसुद्धा मोठे होते. पचन हे सापाच्या शरीराला एवढे मोठे काम आहे. बाहेरून ऊब मिळाली नाही, तर ते काम पूर्ण होत नाही आणि अन्न पोटात कुजते किंवा उलटून पडते, त्यामुळे थंड पडलेले पिल्लू अन्न नाकारते ते एका अर्थी शहाणपणाचेच असते. थंड पडलेल्या सापाला वेगाने पळताही येत नाही. पळता येत नाही म्हणून तो जागच्या जागी वेटोळे करून चावायला उठतो. म्हणजे उघड्यावर पडलेले आणि पुरेशी ऊब नसलेले एकच पिल्लू उंदीर नाकारते आणि हातालाही चावते. त्याला रागीट म्हणणे अन्यायाचे होईल.

पानवठा, तुमचा अनुभव मी नाकारत नाही, पण वेगळ्या डब्यात खाऊ घालण्याचा उपाय मी या पिल्लासाठी मुळीच सुचवणार नाही. बुजलेल्या पिल्लाला खाण्यापूर्वी उचलले तर ते खातच नाही, आणि पोट भरल्यावर परत उचलले तर अन्न उलटून टाकण्याचा धोका असतो. तुमच्या धीट कॉर्न स्नेकसाठीसुद्धा मी दुसरा मार्ग घेईन. उचलण्यापूर्वी सापाच्या अंगाला पातळ काठीने किंवा कागदाच्या सुरळीने हलकेच स्पर्श करावा. काही दिवसांत तो शिकतो, की स्पर्श झाला म्हणजे अन्न नाही. हात साबणाने धुण्याची गरज मात्र तुम्ही स्वतःच सांगितलीत आणि ती अगदी खरी आहे, कारण सापाचे जग जिभेने उचललेल्या गंधाचे असते.

पानवठा

पटले. काठीचा प्रयोग आजपासून करून पाहतो. बुजलेल्या आणि अधाशी पिल्लाला एकच औषध देऊ नये, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

रानझरा

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून एवढीच भर घालते. ११२ वरून १०४ ग्रॅम म्हणजे सुमारे सात टक्के घट झाली. ती दहा टक्क्यांच्या पलीकडे गेली, तर वाट न पाहता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे न्यावे. श्वास घेताना घरघर, तोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ, हिरड्यांवर पिवळसर थर, दिवसचे दिवस पाण्याच्या भांड्यात बसून राहणे आणि खवल्यांच्या फटींत काळे हलणारे ठिपके, यांपैकी काहीही दिसले तर वजन कितीही असले तरी न्यावे. पाण्यात बसून राहणाऱ्या सापाच्या अंगावर पुष्कळदा बारीक गोचिडी निघतात.

आणखी एक विचारते. पिल्लाचे डोके डुगडुगते का, किंवा झेप घेताना नेम चुकतो का? बॉल पायथनच्या ‘स्पायडर’ नावाच्या रंगप्रकारात हा दोष जन्मजात असतो आणि त्याचा संबंध आतल्या कानाच्या सदोष रचनेशी आहे. अशी पिल्ले भूक असूनही उंदराच्या शेजारी तोंड मारतात आणि मालकाला वाटते, की ती चिमट्यावर चिडली.

आणि कृपा करून कोणीही सांगितले तरी जबरदस्तीने तोंडात अन्न कोंबू नका. ते शेवटचे साधन आहे आणि ते जाणत्या हातांनीच वापरावे. जिवंत उंदीर सोडण्याचा मोहही टाळा. भुकेला नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो, आणि अशा जखमा मी पाहिल्या आहेत.

सायंछाया

डोके डुगडुगत नाही आणि रंगही साधा, तपकिरी-काळाच आहे. श्वास स्वच्छ आहे.

संवेदक गुहेत ठेवून पाहिला आणि फार वाईट वाटले. जमिनीवर २६ अंश निघाले. म्हणजे पाच आठवडे ते पिल्लू थंडीत होते आणि मी रोज काचेवरचे ३१ वाचून निश्चिंत होत होते. आज तीन बाजूंच्या काचा बाहेरून काळ्या कागदाने झाकल्या, दोन लहान गुहा आणल्या, सालींचा जाड थर केला आणि थर्मोस्टॅटचा संवेदक योग्य जागी बसवला. आता पुढे नेमके काय करू?

कातळफूल

काहीही करू नका. पाणी बदलण्यापलीकडे एक आठवडा हात आत घालू नका, उचलू नका, वजनही करू नका. दर दोन दिवसांनी अन्न दाखवून नकार घेत राहिलो, तर प्रत्येक प्रयत्न पिल्लासाठी एक नवी भीती ठरतो. खाऊ घालण्याच्या प्रयत्नांत किमान पाच ते सात दिवसांचे अंतर असू द्या.

आठवड्यानंतर उंदीर आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये वितळू द्या, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवा. थेट पाण्यात सोडला तर त्याचा गंध धुऊन जातो. मायक्रोवेव्हमध्ये कधीही गरम करू नका, तो आतून शिजतो आणि फुटतो. शेवटी डोक्याकडचा भाग दोन मिनिटे जास्त गरम पाण्यात धरा. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्यामुळे उबदार डोके त्याला अंधारातही स्पष्ट जाणवते, आणि थंड उंदीर त्याच्या लेखी भक्ष्यच नसतो. दुपारी देऊ नका. हा निशाचर साप आहे, म्हणून तिन्हीसांजेनंतर, खोलीतले दिवे मंद करून द्या. उंदीर पिल्लाच्या तोंडावर नेऊ नका, कारण भक्ष्य कधी शिकाऱ्याच्या अंगावर चालून येत नाही. गुहेच्या तोंडाशी, एक वीत अंतरावरून तो आडवा, अगदी थोडा हलवा, आणि मग स्थिर धरा.

नाहीच घेतला तर तो गुहेच्या तोंडाशी ठेवून झाकण लावा. तुमच्या पिल्लाने रात्री एकट्याने खाल्ले होते, ही या साऱ्या कहाणीतली सर्वांत आश्वासक गोष्ट आहे. त्याला खायचे आहे, फक्त कोणी पाहत असताना नाही. निसर्गात याच वयाचे बॉल पायथन झुडपांवर चढून पक्ष्यांची पिल्लेही खातात, म्हणून हट्टी पिल्लासाठी काही जण उंदरावर पिसांचा गंध लावतात. पण तुम्हाला त्याची गरज पडेल असे मला वाटत नाही.

सायंछाया (चार आठवड्यांनी)

उशिरा लिहीत आहे, पण सांगण्यासारखे काही हाती यावे म्हणून थांबले होते.

आठव्या दिवशी संध्याकाळी सगळे तुमच्या सूचनेप्रमाणे केले. गुहेच्या तोंडाशी आधी फक्त नाकाचे टोक दिसले. जीभ भराभर हलत होती, मग हळूहळू संथ झाली आणि प्रत्येक वेळी जास्त वेळ बाहेर राहू लागली. डोके दोन बोटे पुढे आले आणि थांबले. माझा हात अवघडला होता, पण मी तो हलू दिला नाही. तीन-चार मिनिटांनी झडप आली, आणि मी चिमटा सोडेपर्यंत तीन वेढे पडलेही होते. उंदीर मेलेला असूनही त्याने बराच वेळ आवळून धरला. मग वेढे सैल करून नाकाने चाचपत डोके शोधले आणि जबड्याची एक बाजू, मग दुसरी, असे करीत गिळले. शेवटी दोनदा मोठा जांभईसारखा जबडा पसरला. मी इतकी गप्प बसले होते, की घरातले लोक काय झाले म्हणून पाहायला आले.

पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा नकार दिला आणि माझा धीर सुटू लागला. दोन दिवसांनी डोळ्यांवर दुधाळ निळसर झाक दिसली आणि पोट गुलाबी झाले, तेव्हा कळले, की कात टाकण्याची वेळ आली आहे. मी आर्द्रता थोडी वाढवली आणि वाट पाहिली. डोळ्यांवरच्या चकत्यांसह अखंड कात निघाली, ती मी जपून ठेवली आहे. त्यानंतर दोन दिवसांनी त्याने पहिल्याच झडपेत उंदीर घेतला. आज सकाळी वजन १११ ग्रॅम भरले.

चावण्याविषयी सांगायचे, तर वरून हात आला की ते अजूनही मान आखडते. पण बाजूने, जमिनीलगत हात नेऊन पोटाखालून उचलले, तर चावत नाही. खाल्ल्यावर पूर्ण ४८ तास हात लावत नाही आणि नंतर दिवसाआड पाच मिनिटांपुरतेच घेते. काल ते हातावर पहिल्यांदा चेंडू न होता मनगटाभोवती सरकत गेले.

एक लहान शंका उरली आहे. मागच्या वेळी त्याने उंदीर पोटाशी पकडला आणि डोके सापडेना म्हणून वीस मिनिटे उलटसुलट फिरवत राहिले. अखेर शेपटीकडून गिळले. याने इजा होते का?

कातळफूल

वाचून फार आनंद झाला. एवढ्या लहान उंदराने इजा होत नाही. शेपटीकडून गिळताना पाय आणि केस उलटे येतात म्हणून वेळ लागतो इतकेच. भक्ष्य मोठे असेल तर मात्र अडकू शकते, म्हणून उंदराची जाडी पिल्लाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढीच ठेवा. पुढच्या वेळी चिमट्याने उंदराचा मागचा भाग धरा आणि डोके पिल्लाकडे करा. ते उबदार टोकावरच नेम धरते, त्यामुळे पकड आपोआप योग्य ठिकाणी बसते. आणि ते शोधत असताना मदत करायला हात पुढे नेऊ नका, कितीही वेळ लागला तरी.